झडती

नाहूर ते भांडुप हे अंतर स्लो गाडीला तीन-चार मिनिटांचं. तेवढ्यात आईनं मला एक प्रश्न विचारला आणि भांडुप यायच्या आत मी त्याचं उत्तर देऊन मोकळी झाले. या गोष्टीला आता तीन महिने होत आले. प्रश्न साधा होता, उत्तरही चुकीचं नव्हतं. तरी रात्री दिवा मालवला की ते उत्तर माझ्याच आवाजात पुन्हा कानात येतं, आणि त्यातला तो जाणकारीचा सूर ऐकून माझी मलाच लाज वाटते.

झालं होतं ते असं. माझ्या धाकट्या भावाची बायको, प्राजक्ता, तेव्हा सहाव्या महिन्यात होती. मुलुंडला ज्या प्रसूतिगृहात तिचं नाव घातलंय तिथे दर शनिवारी पोटुशी बायकांचा वर्ग भरतो. भावाला सुट्टी नव्हती म्हणून मी गेले, आणि 'घरी बसून तरी काय करू' म्हणत आईही निघाली, स्टीलच्या डब्यात नारळाच्या वड्या घेऊन. गारेगार एसी खोली, निळ्या चटया, कुठूनतरी झिरपणारी बासरी. शिकवणारी मुलगी खरंच गोड होती, सगळ्यांना नावानं हाक मारत होती. मग तिनं पडद्यावर एक चित्र लावलं. दोन पोटं. एका पोटाची आई हसतेय, आत बाळही हसतंय. दुसरीचा हात कपाळाला, आणि आतलं बाळ लालभडक, भुवया वाकड्या, मुठी आवळलेल्या. "आईनं टेन्शन घेतलं की कॉर्टिसोल, म्हणजे टेन्शनचं हार्मोन, वाढतं, ते बाळापर्यंत जातं आणि बाळाच्या मेंदूची केमिस्ट्रीच बदलते. मूल चिडकं होतं, घाबरट होतं, आयुष्यभरासाठी. म्हणून आपण काय करायचं नाही?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "टेन्शन घ्यायचं नाही." थेट बालवाडी. आई मागे भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. वड्या वाटायच्या म्हणून तिनं डब्याचं झाकण अर्धवट उघडलं होतं. ते तिनं पुन्हा लावून टाकलं.

गाडीत दुपारची वेळ, लेडीज डबा बऱ्यापैकी रिकामा. प्राजक्ता खिडकीशी, डोळे मिटून. नाहूर गेलं तशी आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती बाई सांगत होती ते खरं असतं काय गो?"

"असतं थोडंफार," मी म्हटलं. "जातं कॉर्टिसोल बाळापर्यंत. वारेतून."

"मग तुझ्या टायमाला..." एवढं बोलून ती थांबली. भांडुप आलं. क्लिपा विकणारी चढली, कुणीतरी 'उतरणार का?' विचारलं, आणि ते वाक्य तसंच लोंबकळत राहिलं. कांजूरला उतरून रिक्षात बसेपर्यंत तिनं वड्यांचा डबा छातीशी धरून ठेवला होता. घरी आल्यावर डबा उघडला तर एकही वडी कुणाला दिलेली नव्हती.

'तुझ्या टायमाला' म्हणजे काय हे आमच्या घरात समजावून सांगावं लागत नाही. मी संपातलं मूल. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, फेब्रुवारीत आईला दिवस गेल्याचं कळलं, आणि ऑक्टोबरात परळच्या वाडिया हॉस्पिटलात मी जन्मले, दोन किलो शंभर ग्रॅमची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिच्या माहेरी संगमेश्वराकडे आधीच दोन भाऊ संपामुळे बायकामुलांसकट येऊन बसलेले. तिथे आणखी एक तोंड, आणि एक पोट, कुठे न्यायचं. म्हणून ती लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतच राहिली. बाबा गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामात, होते. आमच्याकडे 'डॉक्टर' म्हटलं की आजही संपाचे पुढारी दत्ता सामंतच आठवतात, ताप तपासणारे नव्हेत. अडीच लाख कामगार एका माणसाच्या शब्दावर घरी बसले आणि बरेचसे परत कधी आत गेलेच नाहीत. आधी तांब्याची भांडी गेली, मग आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या, मग बाबांचं घड्याळ. ही यादी मी लहानपणी पाढ्यांसारखी ऐकलेली आहे. मोजणी माझ्या जन्मापाशी येऊन थांबायची, कारण त्यानंतर घरात विकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि मला धडधड आहे. घरातला शब्द हाच. दारावर थाप पडली, अवेळी फोन वाजला, साहेबांनी 'जरा आत या' म्हटलं की छातीत इंजिन सुरू होतं, आणि कारण मिटलं तरी ते अर्धाअर्धा तास बंद होत नाही. शाळेत असताना बाई हजेरी घ्यायला लागल्या की माझा नंबर यायच्या आधीच हात ओले व्हायचे. चौतिसाव्या वर्षी मी शेवटी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले. तेव्हापासून रात्री जेवणानंतर अर्धी गोळी घेते. आईला ती गोळी बी-कॉम्प्लेक्सची वाटते, असं मला वाटत होतं.

गंमत अशी की माझं पोटही कॉर्टिसोलवरच भरतं. परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. कॉर्टिसोलचं रक्त सकाळी आठच्या सुमारास घ्यायचं असतं, कारण ते पहाटे चढतं आणि दिवसभर उतरत जाऊन मध्यरात्री तळाला टेकतं. पिवळ्या टोपणाची ट्यूब, सेंट्रिफ्यूज, मशीन, आकडा. हा आकडा म्हणजे काही विष नाही हे मी रोज बघते. गरोदरपणात तो आपोआपच वाढतो, शेवटच्या महिन्यांत एरवीच्या दुप्पट-तिप्पट होतो. पोटातल्या बाळाची फुप्फुसं पिकायला त्या जातीचंच रसायन लागतं. दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या तर डॉक्टर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात ती त्यासाठीच. चित्रातल्या त्या लालभडक बाळाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

हे सगळं मला नाहूर-भांडुपच्या दरम्यान आठवलं नाही. आठवलं ते 'जातं बाळापर्यंत'.

बाबा सांगायचे, पाळी सुटली की गेटवर झडती व्हायची. हात वर करायचे, वॉचमन कमरेला, खिशांना चापटी मारून बघणार, सूत किंवा कापडाचा तुकडा नाही ना. हजारो माणसं त्या गेटातून सुटायची आणि वॉचमन चार. वारेचं, म्हणजे प्लासेंटाचं, काम मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो गेटच दिसला. वारेत एक एन्झाइम असतं, ११-बीटा-एचएसडी-२ असं लांबलचक नाव. ते आईच्या रक्तातून आलेलं कॉर्टिसोल पकडून त्याचं कॉर्टिसोन करतं, म्हणजे त्याचा दात पाडून सोडतं. बहुतेक माल गेटवरच अडतो. थोडा निसटतो. आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की ताण दिवसेंदिवस चालू राहिला तर वॉचमनच ढिला पडतो, निसटणारा माल वाढतो. तो आत गेला की बाळाच्या तयार होत असलेल्या मेंदूत, भीतीचं खातं सांभाळणाऱ्या अमिग्डालात आणि हिप्पोकॅम्पसमध्ये, आपली खूण करून ठेवतो. हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिसोल टेकायला खुंट्या असतात. पुरेशा खुंट्या भरल्या की तिथून खाली निरोप जातो, 'पुरे, बंद करा'. खुंट्याच कमी असल्या तर निरोप उशिरा जातो. चुकून लागलेला फोन ठेवून दिल्यावर अर्धा तास माझ्या छातीत जे चालू असतं ते हेच असावं, असं मी मनाशी धरून बसले आहे. आणखी एक गोष्ट. २०११ साली उंदरांमध्ये असं सापडलं की सुरुवातीच्या दिवसांत गर्भाच्या मेंदूला लागणारं सेरोटोनिन हे रसायन वार स्वतः बनवते, आईच्या अन्नातून आलेल्या ट्रिप्टोफॅनपासून. ज्या सेरोटोनिनसाठी मी रात्री अर्धी गोळी गिळते, त्याची पहिली गिरणी आईच्या पोटात चालत होती. बाहेरच्या सगळ्या बंद असताना.

हे वाचलं तेव्हा मी पस्तिशीत होते, नुकतीच गोळी सुरू झाली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. फार बरं. म्हणजे मी भित्री नाही, माझ्यात इच्छाशक्ती कमी नाही, मला घडवतानाच कुणीतरी स्क्रू जास्त पिळलाय. मग मी अधाशासारखी वाचत सुटले. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं, माणशी शिधा दिवसाला १००० कॅलरीच्याही खाली आला. त्या उपासमारीच्या ऐन भरात ज्या मुलांचा गर्भ राहिला त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं, आणि साठ वर्षांनी त्यांच्या रक्तातल्या जनुकांवर त्या उपासाच्या रासायनिक खुणा सापडल्या. आपल्याकडे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका आणि त्यांची मुलं तपासली. बाळं दिसायला हडकुळी, पण अंगात चरबीचा वाटा जास्त. त्याच अभ्यासात हेही दिसलं की शेतात राबणाऱ्या, विहिरीवरून पाणी वाहणाऱ्या बायकांची बाळं आणखी लहान जन्मतात. दोन किलो शंभर ग्रॅम. मी प्रत्येक परिच्छेदात स्वतःला शोधत होते, आणि सापडत होते.

दोषी सापडल्याचा आनंद होता तो. दोषी कोण, हे मी तेव्हा उच्चारलं नाही. सरकार, मालक, युनियन, अशी मोठी नावं मनात घेत राहिले. पण रक्त कुणाच्या अंगातून माझ्या अंगात येत होतं? झडती कुणाची चालली होती?

आपल्याकडे ही झडती जुनीच. ग्रहणात विळी धरलीस म्हणून ओठ फाटला. डोहाळे पुरवून घेतले नाहीस म्हणून पोराची लाळ गळते. सुश्रुतानं चौथ्या महिन्यापासून गर्भिणीला 'दौहृदिनी' म्हटलंय, दोन हृदयांची. तिची इच्छा मोडू नये, नाहीतर गर्भाला व्यंग येतं. इतका सुंदर शब्द, आणि त्यातून निघालेले आपले डोहाळे, पण मूळचा सांगावा घरच्यांना होता, की हिला हवं ते द्या. तो कधी उलटा फिरून बाईच्याच गळ्यात पडला कोण जाणे. अभिमन्यूचंच घ्या. त्या वर्गातही त्याचं नाव निघालंच. चक्रव्यूह भेदायचा कसा ते त्यानं पोटात ऐकलं, बाहेर यायचं कसं ते राहिलं, कारण ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली. पोटुशी बाई, रात्रीची वेळ, नवऱ्याचं युद्धशास्त्र चाललंय, डोळा लागणारच. सहा महारथींनी मिळून सोळा वर्षांच्या पोराला घेरून मारलं, आणि आपण हजारो वर्षं आठवतो काय, तर आई झोपली होती. जागी राहून काळजी केली तरी तिचंच चुकलं, निवांत झोपली तरी तिचंच.

त्या शनिवारनंतर आईनं घरात एक मोहीम उघडली. टीव्हीवरच्या बातम्या बंद. मालिकेत सासू रडायला लागली की आवाज बंद. पाणी दोन दिवस येणार नाही अशी सोसायटीची नोटीस लागली तर ती जिन्यातून काढून आणून पिठाच्या डब्याखाली ठेवली, आणि त्या दिवशी अख्ख्या मजल्याचे हंडे कोरडे राहिले. भावाच्या ऑफिसात माणसं कमी करणार असं काहीतरी चाललं होतं, त्यावर तो फोनवर बोलायला लागला की आई त्याला गॅलरीत ढकलायची. प्राजक्ता हुशार आहे. आठ दिवसांनी ती म्हणाली, "आई, तुम्ही सगळे इतके शांत झालात ना, की काहीतरी भयंकर घडलंय आणि मला सांगत नाही, याचंच मला टेन्शन आलंय."

तिला कमी होतं का? सकाळी साडेआठच्या गाडीला कांजूरहून चढणं म्हणजे काय ते चढणाऱ्यालाच माहीत. सातव्या महिन्यापर्यंत ती ओढणी पोटावरून बाजूला सारून उभी राहायची, म्हणजे कुणाला दिसेल. कधी कुणी उठून बसायला द्यायचं, कधी चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकायला मिळायचं. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला चढता येतं, पण तिथेही धडधाकट पुरुष दारात उभे. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून कायद्यात आहे. रजेवरून परतल्यावर आपलं प्रोजेक्ट आपलंच असेल याची हमी मात्र कुठल्या कायद्यात लिहायची? घराचा हप्ता दोघांच्या पगारांवर बेतलेला. आणि शनिवारी ती गोड मुलगी विचारणार, 'काय करायचं नाही?'

एका संध्याकाळी आई मेथी निवडत होती. मी हिय्या करून म्हटलं, "आई, त्या दिवशी मी गाडीत बोलले ते अर्धंच होतं."

आणि सांगत बसले. इंग्लंडमध्ये एव्हन भागात १९९१-९२ च्या सुमारास जवळजवळ १४,००० गरोदर बायकांची नोंद करून त्यांच्या मुलांचा माग ठेवला. सगळ्यात जास्त चिंतेत असलेल्या बायकांच्या मुलांमध्ये मनाच्या-वागण्याच्या अडचणी दुप्पट निघाल्या हे खरं, पण दुप्पट म्हणजे शंभरात पाच-सहाच्या जागी दहा-बारा. बाकीची मुलं ठणठणीत. कार्डिफच्या लोकांनी तर टेस्ट ट्यूब बेबींच्या आयांचा अभ्यास केला. काही जणींनी स्वतःच्या बीजाचं मूल वाढवलेलं, काहींनी दुसऱ्या बाईच्या. म्हणजे रक्ताचं नातं आणि पोटातलं नातं वेगळं करून बघता येईल. मुलांच्या भित्रेपणाच्या बाबतीत त्यांना पोटातल्या दिवसांपेक्षा आईची पुढची, मूल वाढतानाची काळजी जास्त जबाबदार दिसली.

हे शेवटचं बोलल्याबरोबर माझी जीभ चावली गेली. एका गुन्ह्यातून सोडवायला गेले आणि दुसऱ्यात अडकवून बसले. कारण पुढची वर्षं काही बरी नव्हती. बाबा गिरणीत परत गेले नाहीत. आधी भाजीची गाडी, मग कुरिअर, मग सिक्युरिटी. शेवटची काही वर्षं ते गिरणीच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका चकचकीत इमारतीच्या दारात निळ्या युनिफॉर्ममध्ये लोकांच्या पर्स उघडून बघायचे. हात वर करणारा माणूस आता दुसऱ्यांची झडती घेत होता, आणि घरी येऊन एक शब्द बोलत नव्हता. त्या न बोलण्याचा आवाज मला अजून येतो. दारावर थाप पडली की दचकायला मी कुठे शिकले? पोटात, की दूधवाला, वाणी, भाडंवाला अशी एकेक थाप ओळखत आई श्वास रोखून उभी राहायची, तिच्या पदराआड?

मग घाईघाईनं मी उंदीर काढले. माँट्रियलच्या मायकेल मीनींच्या प्रयोगशाळेत असं दिसलं होतं की काही उंदरिणी पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. ज्यांना भरपूर चाटलं जातं त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्या खुंट्या जास्त उगवतात, ती पिल्लं कमी घाबरतात. कमी चाटणारीचं पिल्लू जास्त चाटणारीकडे ठेवलं तरी ते शांत होतं. आई हसली. "कुंदामावशी दीड महिना येत होती तुला न्हाऊ घालायला. पायांवर आडवी घालून असं तेल जिरवायची, चाळभर बायका बघत. पैसे कुठले द्यायला. तांदळाचं पीठ न्यायची वाटीभर." मग मेथीची जुडी झटकत म्हणाली, "पण ती पोरगी म्हणते ना, टेन्शन घेऊ नका. घेतं कोण गो? ते येतं."

नंतर तिनं जे सांगितलं ते मी त्रेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"संपाच्या वर्षी माझी झोप झाली," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून ह्यांची रातपाळी. पहाटे भोंगा, सातला भोंगा, नुसते भोंगे. संपात सगळं गप. पहिल्यांदा चिमण्या ऐकल्या लालबागेत. हे घरी. चारला उठून नळावर हेच नंबर लावायचे, हंडे हेच आणायचे, बायका हसायच्या तर हसू दे म्हणायचे. दुपारी माझ्या पोटावर हात ठेवून झोपायचे. खायचे वांदे होते, खरं. पण मला काय तेव्हा ठावं, की संप संपणारच नाही? डॉक्टर सांगत होते, अजून महिनाभर. आम्ही म्हटलं, महिनाभर. सगळं रडणं नंतरचं. तू पोटात होतीस तेव्हा मी बरी होते."

मी गप्प. माझा अख्खा दावा ज्या साक्षीवर उभा होता ती साक्षीदार फुटली होती. मंगळसूत्राच्या वाट्या विकल्या हे तिनंच सांगितलेलं, पण त्या दिवशी कसं वाटलं हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते मी माझ्या धडधडीच्या मापानं बेतून घेतलं होतं.

सुटकेचा श्वास घ्यावा तर तेही जमेना, कारण डोक्यात लॅब चालूच असते. १९९८ च्या जानेवारीत कॅनडात क्वेबेकमध्ये बर्फाचं वादळ झालं, लाखो घरांची वीज गेली, काहींची महिना-दीड महिना आली नाही. सुझान किंग नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्या वेळी गरोदर असलेल्या बायकांना गाठलं आणि एक शहाणपणाची गोष्ट केली. दोन याद्या केल्या. एकीत नुसतं घडलेलं: वीज किती दिवस नव्हती, घर सोडावं लागलं का, नुकसान किती. दुसरीत वाटलेलं: किती घाबरलात, किती त्रास झाला. मुलं तेरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातल्या काही जणांचं रक्त तपासलं. अभ्यास लहानसाच, मूठभर मुलांचा. पण जनुकांवरच्या रासायनिक खुणा जुळल्या त्या पहिल्या यादीशी. आई किती घाबरली यापेक्षा तिच्या घरी किती दिवस अंधार होता, याच्याशी. मी हे आईला सांगितलं नाही. मेथी निवडून झाली होती. पण तेव्हापासून त्या वर्गातलं चित्र आठवलं की मला वाटतं, त्या दोन पोटांच्या बाहेर कुणीच काही का काढलं नव्हतं? ना घर, ना नळ, ना गेट.

मागच्या रविवारी प्राजक्ताचं डोहाळेजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, भावानं थर्माकोलचा चंद्र भाड्यानं आणलेला. सोसायटीच्या बायकांनी झोपाळ्याला झेंडूच्या माळा बांधल्या, आणि डोहाळ्याच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर कुणालाच शब्द येत नव्हते म्हणून दोनच कडवी चार वेळा म्हटली. मग दोन वाट्या झाकून आणल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. प्राजक्ता हात पुढे करून मुद्दाम रेंगाळत होती. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "तुमच्या वेळी काय निघालं होतं हो, हिच्या वेळी?"

"मला कुठलं डोहाळेजेवण," आई म्हणाली. "सातव्याला पोलीसच संपावर गेले ना."

हे मला माहीत होतं, म्हणजे तारखेनं माहीत होतं. १८ ऑगस्ट १९८२. मुंबईचे पोलीस रस्त्यावर उतरले, दंगल पेटली, लष्कर बोलवावं लागलं, गिरणगावात कर्फ्यू. आई मात्र बोलतच होती, काकूंकडे बघून, मी तिथे नसल्यासारखी. श्रावण संपत आलेला. बाहेर पडायची सोय नाही, दुकानं बंद. तरी कुंदामावशीनं दिवे मालवून, खोलीचं दार आतून लावून, पाच बायका जमवल्या. कुणाकडून तांदळाची भाकरी, कुणाकडून भोपळ्याची भाजी, एकीच्या घरी दही होतं. ओटी तांदळाची, नारळ नाही म्हणून सुपारी. गाणं म्हणायचं नाही, आवाज बाहेर जाईल, म्हणून ते ओठांतल्या ओठांत. आणि वाट्यांचा खेळ करायचाच असा मावशीचा हट्ट. पेढा-बर्फी कुठली, एकीत गुळाचा खडा ठेवला, एकीत शेंगदाणे. गूळ म्हणजे मुलगा, शेंगदाणे म्हणजे मुलगी.

झोपाळ्यावर प्राजक्ताचा हात हवेत तसाच थांबला होता. "मग? काय निघालं?"

"आठवत नाही गो," आई म्हणाली. "दोन्ही वाट्या उघडल्या आणि दोन्ही खाल्लं. भूक लागली होती."